वाळूचा ढीग कुणाच्या नावावर?

गेल्या महिन्यात उद्यमनगरजवळच्या एका हॉलमध्ये कोल्हापूरच्या उद्योगांवरची चर्चा ऐकायला गेलो होतो. व्यासपीठावर एका बाजूला फौंड्रीवाले, म्हणजे वितळलेलं लोखंड वाळूत ओतून यंत्रांचे भाग बनवणारे; दुसऱ्या बाजूला नदीवाले, म्हणजे पंचगंगेच्या प्रदूषणाविरुद्ध बोलणारे. फौंड्रीवाल्यांचं म्हणणं आम्हा श्रोत्यांनाही आता तोंडपाठ आहे : महाराष्ट्रात वीज महाग, सीमेपलीकडे कर्नाटक जमीन घेऊन उभं, तेव्हा सवलती द्या नाहीतर आम्ही निघालो. त्यावर नदीवाल्यांतले एक गृहस्थ माईक ओढून म्हणाले, "निघा की मग. पंचगंगा तरी सुटंल." टाळ्यांचा कडकडाट झाला. गंमत अशी की 'आम्ही निघालो' या वाक्यालाही थोड्या वेळापूर्वी त्याच माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मग चहा-वडा झाला आणि जो तो आपलं मत जसंच्या तसं घेऊन घरी गेला.

मला या भांडणाचा कंटाळा आलाय, कारण दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरून बसल्यात. कारखाना जातो म्हणजे त्याच्याबरोबरचं सगळं जातं, असं दोघांनाही वाटतं. एकाच्या मते रोजगार जातो, दुसऱ्याच्या मते घाण जाते. जिथं जिथं कारखानदारी ओसरली तिथला अनुभव निराळा आहे. भांडवल जातं, मालक जातो. माणसं, जमीन आणि घाण जागच्या जागी राहतात, आणि त्यांचं बिल भरणारा कुणी उरत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की कारखाना राहणार की जाणार हा नंतरचा प्रश्न. तो चालू असताना, गल्ल्यात पैसा असताना, त्याच्याकडून त्याच्या जाण्याचा खर्च बाजूला काढून घेतलाय का, हे आधी विचारलं पाहिजे. त्या हॉलमध्ये दोन तासांत हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, हे कबूल करतो.

नदीवाल्यांची बाजू हलकी नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं दगावली, हे विसरून उद्योगाबद्दल बोलता येत नाही. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याचे फोटो आपण वर्तमानपत्रात किती वेळा बघितले? आणि नदीचं सोडा, फेटलिंगच्या शेडमध्ये दहा मिनिटं उभं राहून बघा. ओतलेला जॉब वाळूतून निघतो तेव्हा त्याच्या कडांना नको असलेलं लोखंड चिकटलेलं असतं. ते ग्राइंडरनं घासून काढायचं काम म्हणजे फेटलिंग. ठिणग्या लांब उडतात म्हणून त्या दिसतात. धूळ जवळच राहते. मी गेलो होतो तेव्हा ओडिशातला एक पोरगा तोंडाला रुमाल बांधून घासत होता. त्याच्या पापण्यांवर राखाडी थर बसला होता आणि तो डोळे मिचकवायचा तेव्हा त्या थराला बारीक भेग पडायची. त्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की निघत नाही आणि त्या आजारावर औषध नाही. फौंड्रीमालकाचा मुलगा या शेडमध्ये उभा राहत नाही, हे समजण्यासारखं आहे. कोल्हापूरच्या गरिबाचा मुलगाही आता राहत नाही. मग असलं काम गावातून गेलं तर वाईट काय, असं कुणी विचारलं तर त्याला विकासविरोधी म्हणून गप्प बसवणं हा अप्रामाणिकपणा झाला.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्र वाचलेल्यांचा, आणि तोही तगडा. देश श्रीमंत होतो तसा कारखान्यातल्या कामगारांचा वाटा घटतोच. जर्मनीत घटला, जपानमध्ये घटला. यंत्रं सुधारतात, तोच माल कमी हातांत निघतो, लोकांकडे पैसा येतो तसा तो वस्तूंपेक्षा दवाखान्यावर, शिक्षणावर, प्रवासावर जास्त खर्च होतो. शेतीवरची माणसं कमी झाली म्हणून युरोपात कुणी सुतक पाळलं नाही. मग भट्टीवरची कमी झाली म्हणून आपण का पाळायचं?

तर्क बरोबर आहे, पण तो आधी श्रीमंत झालेल्यांचा आहे. ब्रिटन, जर्मनी, जपान यांनी कारखानदारीचं शिखर गाठलं, तिथं दोन पिढ्या पगार घेतले, घरं बांधली, पेन्शनी सुरू केल्या आणि मग उतरणीला लागले. आपल्याकडे २०१४ साली 'मेक इन इंडिया'चा गाजावाजा करताना कारखानदारीचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा २५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. तो त्याच्या आसपासही पोचलेला नाही. दानी रॉड्रिक या अर्थशास्त्रज्ञानं याला अकाली निरुद्योगीकरण म्हटलंय : वर चढायच्या आधीच घसरगुंडी. जिना चढून गच्चीवर गेलेल्यानं जिना काढून टाकणं वेगळं आणि निम्म्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्याच्या पायाखालून तो काढणं वेगळं.

मग कारखान्यातून सुटलेला आपला माणूस जातो कुठं? सेवाक्षेत्रात, असं सांगतात. सरकारचीच श्रमबल पाहणी काय सांगते बघा. २०१८-१९ मध्ये देशातले साडेबेचाळीस टक्के कामकरी शेतीवर होते. २०२३-२४ मध्ये ४६ टक्के. म्हणजे एकविसाव्या शतकात, अर्थव्यवस्था वाढत असताना, शेतीवरचा भार हलका व्हायच्या ऐवजी वाढला. कोरोनाच्या टाळेबंदीत गावी परतलेल्यांतले बरेच जण पुन्हा शहराकडे वळलेच नाहीत. न्यायमूर्ती रानडे १८९० च्या सुमारास पुण्यात औद्योगिक परिषदा भरवून हेच सांगत होते : विलायती मालापुढं इथले विणकर, कारागीर मोडून पडतायत आणि सगळा देश पुन्हा जमिनीकडे ढकलला जातोय. तेव्हा ढकलणारा परका होता म्हणून आपल्याला राग तरी आला. आता आकडा वाढला तरी कुणी हूं की चूं करत नाही.

आकड्यांपेक्षा माझे चुलते मला जास्त पटतात. तात्या आजऱ्याकडच्या आमच्या गावातून सतराव्या वर्षी मुंबईला गेले आणि लालबागच्या एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख गिरणी कामगारांत तेही एक होते. वर्षभर वाट बघून ते गावी आले, 'तात्पुरते'. ते तात्पुरतेपण मरेपर्यंत टिकलं. गावी भाताची दीड एकर, त्यात तिघा भावांचा वाटा. शेकडो साच्यांच्या खडखडाटात कुठला धागा तुटलाय हे आवाजावरून ओळखणारा माणूस म्हशीमागं फिरताना मी पाहिलाय. एकदा मी विचारलं, "तात्या, तुम्ही दुसरीकडं कुठं काम का नाही बघितलं?" ते म्हणाले, "बघितलं की. पण मला काय येतं हे सांगायला साचा लागतो रं. हितं साचा कुठाय?" जनगणनेत त्यांची नोंद शेतकरी अशी झाली. बेकार अशी कधीच नाही.

ब्रिटनमध्ये १९८४-८५ चा संप हरल्यावर खाणी धडाधड बंद झाल्या. वेल्सच्या दऱ्यांत आणि उत्तर इंग्लंडमध्ये हजारो खाणकामगार बेकारांच्या यादीत दिसलेच नाहीत, कारण ते आजारपणाच्या आणि अपंगत्वाच्या भत्त्यावर गेले. तिथली बेकारी भत्त्याआड लपली, आपली सातबाऱ्याआड लपते. कारखाने गेल्यावर काही बिघडलं नाही असं म्हणणाऱ्यांना आकडे सापडतात ते यामुळेच. आणि हे सगळं एकाच जागी साचतं, हे महत्त्वाचं. लंडन फुगत होतं तेव्हाच वेल्समधली गावं सुकत होती. मुंबईत गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहत होते तेव्हा आजरा, चंदगड, भुदरगडकडे येणाऱ्या मनिऑर्डरी थांबत होत्या. देशाची सरासरी काढली की दोन्हींची गोळाबेरीज ठीकठाक दिसते.

मुंबईच्या गिरण्यांचा उल्लेख निघालाच आहे तर जमिनीचंही बोलू. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांची जमीन विकसित करताना ढोबळ मानानं एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती सगळी हिशेबाबाहेर गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल उचलून धरला. गिरणी बंद पडल्यानं कामगाराचा पगार गेला हे दैव म्हणून सोडून देऊ एकवेळ. पण बंद पडलेल्या गिरणीची किंमत चालू गिरणीपेक्षा जास्त कशी झाली? ते दैवानं केलं नाही. नियमातल्या एका दुरुस्तीनं केलं. आमच्याकडचं उदाहरण वेगळ्या तऱ्हेचं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सुरू केलेली शाहू मिल, जिच्या भोंग्यावर अर्धं शहर घड्याळ लावायचं, ती बंद पडून किती वर्षं झाली. तिथं स्मारक होणार, हे होणार, ते होणार अशा घोषणा ऐकत एक पिढी म्हातारी झाली. मुंबईत जमीन गिळली गेली, इथं ती नुसती पडून राहिली. कामगाराच्या हाती दोन्हीकडं सारखंच आलं.

आता नदी. 'उद्योग गेले की नदी सुटेल' म्हणणाऱ्यांनी जर्मनीतल्या रुहर भागाकडे जरूर बघावं, कारण वरवर पाहता ते त्यांच्याच बाजूचं उदाहरण आहे. तिथली एम्शर ही नदी शंभर वर्षं उघडं गटार होती. कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचायची, भुयारी नळ घातले तर फुटायचे, म्हणून नदीलाच काँक्रीटचं पात्र करून तीत सगळं सांडपाणी सोडलं. खाणी थांबल्यावर जमीन स्थिरावली आणि मगच भुयारी गटारं घालता आली, हे खरं आहे. २०२१ च्या अखेरीस एम्शर सांडपाण्यातून मुक्त झाली. पण ती आपोआप झाली का? काम १९९२ मध्ये सुरू झालं, तीस वर्षं चाललं आणि पाच अब्ज युरोंहून अधिक खर्च आला. हा खर्च करणारी संस्था १८९९ पासून तिथं उभी आहे. नदीकाठच्या नगरपालिका, खाणी, कारखाने हे सगळे तिचे सक्तीचे सभासद. ज्याची घाण जास्त त्याची वर्गणी जास्त. खाणी भरात होत्या तेव्हाच ही घडी बसवली होती, म्हणून खाणी गेल्यावर काम करायला कुणीतरी जागेवर होतं.

त्याहून मोठी गोष्ट जमिनीखाली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण बंद झाली, शेवटचा तुकडा राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला गेला, बँड वाजला, लोक रडले. पण पंप चालूच राहिले. काही ठिकाणी जमीन वीस मीटरहून अधिक खचलीय. पंप थांबवले तर पाणी भरून वस्त्या बुडतील, खाणीतलं खारं, दूषित पाणी पिण्याच्या पाण्याला जाऊन मिळेल. म्हणजे खाण नाही, कोळसा नाही, आणि पंप मात्र कायमचे, नातवंडा-पतवंडांच्या पुढेही. त्याचा खर्च २००७ मध्ये स्थापन केलेला एक न्यास करतो. खाण कंपनीच्या रसायन व्यवसायातले शेअर त्याच्या नावे करून दिले होते आणि त्यांच्या उत्पन्नातून २०१९ पासून पंपांचं बिल जातं. कंपनीकडे चांगलं विकाऊ काही शिल्लक होतं तोवरच ते काढून घेतलं. दिवाळखोरी झाल्यावर मागायला गेले असते तर कुलूप बघून परत आले असते.

पंचगंगेला असा न्यास आहे का? नाही. आणि उद्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या सगळ्या भट्ट्या थंड झाल्या तरी जयंती नाला आणि दुधाळी नाला वाहतच राहतील, कारण त्यांतून येणारं पाणी आपल्या तुमच्या संडास-मोऱ्यांचं आहे. इचलकरंजीचं रंगाचं पाणी आणि साखर कारखान्यांची मळी यांचा दोष मोठा आहे, पण फौंड्रीवर राग काढून त्यांतलं काहीच हलत नाही. फौंड्रीचं पाप हवेत आणि वाळूत आहे, नदीत त्या मानानं कमी. नदीवाल्यांनी शत्रूही नीट निवडलेला नाही, असं मला वाटतं.

शिवाय इथून गेलेली घाण जाते तरी कुठं? ब्रिटनमधल्या पोर्ट टॅलबॉटची शेवटची झोतभट्टी टाटांनी सप्टेंबर २०२४ मध्ये विझवली. तिथं सव्वाशे कोटी पौंडांची विजेची भट्टी येणार आहे, त्यांतले ५० कोटी सरकारचे. योजना वाईट नाही. पण जुनी भट्टी आधी विझली आणि नवी पेटायला काही वर्षं लागणार. मधल्या काळात तिथं लागणारं पोलाद बाहेरून आणायचं. कागदावर ब्रिटनचा धूर घटला, पण त्याच्या गाड्यांना लागणारं पोलाद कुठल्या तरी दुसऱ्या देशाच्या धुराड्याखाली तयार होतंय. आमच्या कास्टिंगचंही, म्हणजे ओतीव भागांचंही, तेच होईल. ट्रॅक्टर लागणारच, पंप लागणारच. ते कागलऐवजी निपाणीकडं ओतले गेले तर कृष्णेच्या खोऱ्याला काय फरक पडतो? उलट कोल्हापूरनं इथून न जाता धूर कमी करायची वाट चालून दाखवलीय. कोळशाच्या 'क्युपोला' भट्टीवर चालणाऱ्या कित्येक फौंड्र्या गेल्या काही वर्षांत विजेच्या इंडक्शन भट्टीवर आल्या. ज्यांनी जुना उद्यमनगर पाहिलाय त्यांना या धुरातला फरक सांगावा लागत नाही.

हॉलमध्ये एका वक्त्यानं तिसराच उपाय सांगितला होता : बाहेरून एखादा मोठा प्रकल्प आणा. याही बाबतीत रुहरकडे बघण्यासारखं आहे. बोखुम शहरात कोळसा-पोलादाची जागा घ्यायला नोकियाचा मोबाइल कारखाना आला, सरकारी अनुदानं घेतली, आणि २००८ मध्ये रुमानियाला निघून गेला. रुमानियातला २०११ मध्ये बंद झाला. आपल्याकडचा, चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा, २०१४ मध्ये. ज्याची मुळं नाहीत तो कारखाना तंबूसारखा उचलता येतो.

उद्यमनगर उचलून नेता येत नाही, आणि याचं महत्त्व खुद्द फौंड्रीवाल्यांनाही पुरतं कळलेलं नाही. इथं एका गाळ्यात पॅटर्न बनतो, दुसऱ्यात कोर, तिसऱ्यात ओततात, चौथ्यात लेथवर घेतात, आणि या चौघांत माल फिरवणारा टेंपोवाला कुठल्या शेठचा चेक वटतो हे बँकेपेक्षा आधी सांगतो. जुन्या काळचे यंत्रकारागीर म्हादबा मेस्त्री यांच्या पिढीपासून हे जाळं विणलं गेलं. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवला तो उगीच नाही. (१९२९ मध्ये इथं सुरू झालेली 'प्रभात' फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि आम्ही अजून स्वतःला कलापूर म्हणवून घेतो. उद्योग गेला तरी बिरुद उरतं, याचा हा पुरावा.) पुढं उसाच्या पाण्यासाठी ऑइल इंजिनं लागली, ती याच जाळ्यानं ओतली. गावोगाव वीज पोचली, विजेची मोटर आली, इंजिनाचा धंदा बसला. शहर मात्र बसलं नाही, कारण इंजिन गेलं तरी ओतायचं कसब गेलं नव्हतं. तेच हात गाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या कास्टिंगकडे वळले. आता विजेवरच्या गाड्या येतायत. त्यांना इंजिन ब्लॉक लागत नाही, सिलिंडर हेड लागत नाही. पुन्हा वळायची वेळ आलीय. वळायला जाळं जागेवर लागतं. त्यातले चार गाळे सीमेपलीकडे गेले, सहा गाळ्यांत मोबाइलची दुकानं झाली, की उरलेल्यांना धड ओतता येत नाही की वळता येत नाही.

म्हणून फौंड्रीवाल्यांना वीज स्वस्त द्यावी, असंच माझं मत आहे. पण फुकट नाही. 'आम्ही निघालो' हा चाबूक त्यांनी इतक्या वेळा उगारलाय की त्याचा आवाज लागेनासा झालाय, आणि सवलत घेऊन फेटलिंगच्या शेडमध्ये धूळ ओढणारी यंत्रणा किती जणांनी बसवली हे त्यांनी एकदा उठून सांगावं. सवलत हवी असेल तर प्रत्येक टनामागं थोडी रक्कम एका सामायिक निधीत टाका, ज्यातून वापरलेली वाळू पुन्हा कामाची होईल, धूळ अडेल आणि कारखाना बंद झाला तर जमीन साफ होईल आणि कामगाराला दुसरं काम शिकायला वर्षभराचा पगार मिळेल. एमआयडीसीची जमीन मालकीची नसते, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली असते. प्लॉट दुसऱ्याच्या नावावर करताना महामंडळ शुल्क घेतंच. त्याच कागदावर 'जमीन साफ आहे' असा एक दाखला जोडायला काय अडचण आहे? लहान फौंड्री या बोज्यानं मोडेल, असं म्हटलं जाईल. मोडेलही एखादी. पण आज तोच बोजा त्या ओडिशाच्या पोराच्या छातीत आणि शेजारच्या शेतात ठेवून आपण तिला स्वस्त म्हणतोय.

परवा महामार्गानं येताना एका ओळखीच्या ठिकाणी थांबलो. तिथं पूर्वी फौंड्री होती, आता मंगल कार्यालय आहे. पुढं झगमगीत कमान, हिरवळ, गाड्या लावायला ऐसपैस जागा. मागच्या कंपाउंडला टेकून काळ्या वाळूचा पुरुषभर उंच ढीग तसाच आहे, त्यावर एरंड उगवलाय. पावसाचं पाणी त्यातून निथळून खालच्या ओढ्यात जातं आणि ओढा पुढं उसात. कार्यालयाच्या मॅनेजरला विचारलं, ही वाळू कुणाची? तो म्हणाला, "आम्ही जागा घेतली तवाच हुती साहेब." ओढ्याकाठच्या शेतकऱ्याला विचारलं. त्यानं कार्यालयाकडं बोट दाखवलं.